मागच्या चाकांवर संशय

आमच्या कचेरीच्या दारावर पिवळ्यावर लाल अक्षरांत पाटी आहे : ‘बापूसाहेब खटके, गुप्तहेर. काही खटकलंय? खटके!’

गुप्तहेराने आपण गुप्त असल्याचं रस्त्यापलीकडच्या रसवंतीवाल्याला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत का कळवावं, हे मी नोकरीच्या पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ‘अमृतराव,’ साहेब म्हणाले, ‘लपायला उजेडासारखी जागा नाही.’ हे वाक्य खोल आहे असं मला वाटलं. पुढे कळलं की साहेबांची सगळी वाक्यं अशीच असतात. खोल दिसतात आणि तळाशी काही नसतं.

स्वतःची ओळख करून देताना साहेब उभे राहतात. ‘मी खटके. ज्याच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. ज्याला शेंगाचटणीच्या नुसत्या वासावरून कुटणारीचा स्वभाव कळतो. ज्याच्या मेंदूला विश्रांती ठाऊक नाही.’ यातलं शेवटचं खरं आहे. जो कधी कामालाच लागला नाही, त्याला विश्रांती ठाऊक असण्याचं कारण नाही.

गेल्या वर्षी त्यांनी एका बाईंची हरवलेली मांजर शोधून आणली. मांजर दुसरीच निघाली, पण बाईंना हीच जास्त आवडली. या प्रकरणाला साहेब ‘माझं ऐन भरातलं काम’ म्हणतात. मी तत्त्वज्ञानात एम.ए. आहे. त्यामुळे या नोकरीबद्दल तक्रार करण्याची माझी पात्रता नाही.

तर त्या दिवशी कचेरीत मल्लप्पा कोनापुरे आले. पांढराशुभ्र शर्ट, कपाळावर विभूती, आणि खुर्चीत बसतानाही उभं राहिल्यासारखा ताठ माणूस. दुधनीत वाढले, सोलापुरात डाळमिल काढली, ती नावारूपाला आणली आणि मग एकुलत्या एका मुलाच्या, संगमेशच्या हाती दिली. आता घरी असतात. ‘घरी असतो,’ हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की मला वाटलं, जामिनावर सुटले आहेत.

‘पोरगं गाडी बुक केलंय,’ ते म्हणाले. ‘पुण्याच्या शोरूममधून. जर्मन. स्पोर्ट्स कार म्हणतात.’

‘चोरीला गेली!’ साहेब म्हणाले.

‘अजून आलीच न्हाई की.’

‘म्हणजे येण्याआधीच!’

‘आवो, ऐका तर. त्या गाडीला काय काय पाहिजे ते सांगायचं असतंय. कातडं कसलं, रंग कुठला, शिलाईचा दोरा कुठला. पोरगं सगळं घेतलं. लाल दोरा घेतलं. फक्त एक नको म्हणलं. रिअर अॅक्सल स्टिअरिंग.’ हे शब्द त्यांनी पाठ करून आणले होते. ‘ते घेतलं तर गाडी अरुंद जागेत एका झटक्यात वळतंय म्हणे. शोरूमवाला मला फोनवर सांगितला. तुमच्या गल्लीसाठीच केल्यासारखं हाय, म्हणला.’

कोनापुऱ्यांचं घर बाळीवेशीतल्या एका गल्लीच्या टोकाला आहे. आता असलेली लांबडी गाडी फाटकातून आत घ्यायची तर मागं-पुढं, मागं-पुढं करत एखाद्या लग्नाची बोलणी उरकावीत एवढा वेळ जातो.

‘मग नको का म्हणलं?’ मल्लप्पा पुढे वाकले. आता त्यांचा आवाज खाली आला. ‘मी विचार केलो. आपल्या गल्लीला जे लागतंय, तेच नको म्हणतंय. म्हणजे ही गाडी आपल्या गल्लीत लावायचीच न्हाई. म्हणजे पोरगं पुण्याला जालालंय, कायमचं चाललंय. आख्खी गल्ली रिकामी झाली साहेब, ज्याचं त्याचं पोरगं पुण्याला गेलंय. तेवढं एक सांगा मला. जालालंय, का ऱ्हालालंय? शनिवारी ऑर्डर पक्की होतंय.’

‘पोरालाच का विचारत नाही?’ मी म्हणालो.

मल्लप्पांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी त्यांना भर चौकात नाच करायला सांगितलं होतं.

ते गेल्यावर साहेबांनी डोळे मिटले. ‘उघड आहे, अमृतराव. मागचं स्टिअरिंग! म्हणजे मागच्या सीटवर दुसरं चाक. बापाला मागे बसून गाडी चालवायची आहे. मुलाला ते नको आहे. सत्तासंघर्ष!’

‘साहेब, मागे दुसरं चाक नसतं. गाडीची मागची चाकंच वळतात. थोडीशी.’

‘मागची चाकं वळून कसं चालेल? ती कुणाला विचारून वळणार?’

मी सुस्कारा सोडला. ‘दोघांनी लांब शिडी उचलून बोळातून नेलीय कधी? कोपऱ्यावर पुढचा डावीकडे वळला, आणि मागचा त्याच्या मागं सरळ चालत राहिला, तर शिडी भिंतीला अडकते. मागचा जरा उजवीकडे सरकला की शिडी फिरते. हळू चालताना मागची चाकं तेच करतात. पुढच्यांच्या उलट वळतात. आणि गाडी जोरात असली की पुढच्यांच्याच बाजूला वळतात, म्हणजे ती डगमगत नाही.’

‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’

‘मी माहितीपत्रक वाचलं.’

‘वाचू नका, अमृतराव,’ साहेब कळवळून म्हणाले. ‘वाचल्यानं तर्क मंदावतो.’

दुसऱ्या दिवशी आम्ही डाळमिलमध्ये गेलो. साहेबांनी टाय लावला होता, कारण आम्ही पुण्याच्या शोरूमची माणसं होतो. संगमेश तिशीतला, हसरा, तुरीच्या पिवळ्या धुळीनं माखलेला मुलगा. आवारात त्या वेळी ट्रक मागे घेण्यावरून गोंधळ चालला होता. संगमेशनं ड्रायव्हरला खाली उतरवलं, स्वतः चढला, आणि तो भरलेला ट्रक दोन खांबांच्या मधून एका दमात मागे नेऊन लावला. मग हात झटकत आमच्याकडे आला.

‘रिअर अॅक्सल स्टिअरिंग का नाकारलंत, हे आमच्या कंपनीला जाणून घ्यायचं आहे,’ साहेब म्हणाले. ‘आमच्या जर्मन साहेबांना फार लागलंय ते.’

‘वजन वाढतं ना, सर,’ संगमेश म्हणाला. ‘शिवाय बिघडलं तर दुरुस्तीला पुण्यालाच न्यावं लागणार. आणि स्टिअरिंगचा खरा अंदाज हाताला येत नाही म्हणतात.’ तो जरा थांबला. ‘आणि वळायची एवढी घाई कुणाला आहे?’

या शेवटच्या वाक्याकडे आम्ही दोघांनीही लक्ष दिलं नाही. मी माझ्या बुटांवरची धूळ पाहत होतो आणि साहेब पोत्यातली डाळ चाखत होते.

‘खोटारडा!’ बाहेर पडताच साहेब म्हणाले. ‘वजनाचं कारण सांगतो! स्वतः डाळ विकणारा माणूस वजन वाढलं म्हणून कधी दुःखी झालेला पाहिलात?’

हा त्यांचा आजवरचा सर्वांत बरा युक्तिवाद होता. म्हणजे इतरांच्या मानानं.

संध्याकाळी गल्लीत पाळत ठेवली. साहेबांनी वेष घेतला होता तो स्कूटर बिघडलेल्या माणसाचा. स्कूटर खरोखरच बिघडलेली असल्यानं वेष अप्रतिम वठला. इतका, की दोन सज्जन मदतीला आले आणि साहेबांना पाळत सोडून प्लग पुसत बसावं लागलं.

तेवढ्यात संगमेशची गाडी आली. समोरच्या दवाखान्याच्या दारात डॉक्टरीणबाई येऊन उभ्या राहिल्या. घरातून मल्लप्पा लगबगीनं बाहेर आले. आदल्या दिवशी कचेरीत बसलेला तो ताठ माणूस हाच का, असा प्रश्न पडावा असे. शर्टाच्या बाह्या वर, एक हात फाटकाच्या खांबावर, दुसरा हवेत, ओंजळीनं वारा आत ओढावा तसा हलणारा.

‘बरली, बरली, बरली…’ मल्लप्पा ओरडले. ‘साकु!’

गाडी थांबली. पुढे गेली. पुन्हा मागे आली.

‘बरली… बरली… एऽ साकु, साकु! काट मार आता. बरली…’

शेवटी गाडी आत गेली. संगमेश उतरला आणि घरात गेला. मल्लप्पांनी फाटक लावलं, खांबावर थाप मारली आणि तेही आत गेले. दोघांत याहून एक अक्षर जास्त झालं नाही.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. ‘ऐकलंत?’

‘ऐकलं.’

‘बर्लिन!’

मी स्कूटरचा प्लग न्याहाळू लागलो.

‘बर्लिन, बर्लिन, बर्लिन! बाप आक्रोश करतोय, अमृतराव! पुणे नव्हेच. मुलगा थेट बर्लिनला चाललाय. गाडी जर्मन, गाव जर्मन. आणि साकू ही तिकडची बाई. अडवायला म्हणून बाप रोज फाटकात उभा राहतो.’

कानडीत ‘बरली’ म्हणजे येऊ दे आणि ‘साकु’ म्हणजे बास. सोलापुरात हे दूधवाल्यालाही कळतं. पण साहेब मूळचे करमाळ्याचे. तिकडे कानडी पोचत नाही, आणि साहेबांपर्यंत तर काहीच पोचत नाही. मी त्यांना सांगणार होतो. पण आमच्या पेठेत करमणुकीची साधनं फार कमी आहेत.

‘बर्लिनच्या माणसाला गाडी पुण्यात कशाला लागेल?’ एवढंच मी विचारलं.

‘सोबत नेईल,’ साहेब म्हणाले. ‘प्रेमात माणूस काहीही नेतो.’

शुक्रवारी साहेबांना शास्त्रीय प्रयोगाची लहर आली. रंगाऱ्याची एक लांब शिडी आणून आम्ही गल्लीत उभे राहिलो. मी पुढचं चाक, साहेब मागचं. आधी साहेब माझ्यामागे सरळ चालले. शिडी फाटकाचा खांब आणि समोरच्या दवाखान्याची पायरी यांच्यामध्ये अशी घट्ट अडकली, की तिथं कायमची परांची बांधल्यासारखं वाटावं.

‘आता मागची चाकं वळवू,’ मी म्हणालो. ‘मी डावीकडे वळलो की तुम्ही उजवीकडे.’

आम्ही निघालो. मी डावीकडे वळलो. साहेबही डावीकडे वळले. म्हणजे गल्लीत मुंगीच्या पावलानं चालताना साहेबांनी भरधाव वेगाचं वळण घेतलं. शिडीचं मागचं टोक दवाखान्याच्या पाटीवर आदळलं आणि ‘डॉ. सुकन्या, दंतवैद्य’ यातला शेवटचा शब्द लोंबकळू लागला.

डॉक्टर सुकन्या मास्क आणि हातमोज्यांसकट बाहेर आल्या. त्यांच्यामागे उघड्या दारातून खुर्चीतला एक पेशंट दिसत होता. त्याचा आ वासलेला होता. तो पाटी पाहून की आधीपासूनचा, हे कळायला मार्ग नव्हता.

‘काय करलालाव हितं?’ डॉक्टर कडाडल्या.

साहेबांनी शिडी सोडली. माझ्या खांद्याला ते तत्काळ समजलं. ‘आता सगळा उलगडा झाला!’ ते म्हणाले. ‘ताई, संगमेशची गाडी इथे मागं-पुढं होत असताना रोज संध्याकाळी आपण दारात येऊन उभ्या राहता. खरं की खोटं?’

‘खरं.’

‘गाडी एका झटक्यात वळली, तर तो आपल्या दारात थांबणार नाही. आपली नजरभेट चुकेल. म्हणून त्यानं ती मागची चाकं नाकारली! प्रेम, अमृतराव! साकू म्हणजे सुकन्या!’

डॉक्टरांनी मास्क खाली घेतला. त्यासाठी लागलेला वेळ मला फार मोठा वाटला.

‘मी दारात उभी राहते,’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘कारण त्याचा बंपर माझ्या पायरीला लागतो. हा बघा कोपरा. दोनदा सिमेंट लावलंय. आणि माझा नवरा आत आहे, पेशंटला भूल देलालाय. तुम्हालाही द्यायला सांगू का?’

‘नको,’ मी म्हणालो. ‘यांना उपजत आहे.’

तेवढ्यात कोनापुऱ्यांच्या सज्जातून आवाज आला. संगमेशची आई, रत्नम्मा, कठड्यावर कोपर टेकून किती वेळ बघत होत्या कुणास ठाऊक. ‘डॉक्टर, सोडा त्यांना. अहो, ती शिडी ठेवा तिथं आणि वर या दोघं. चहा टाकते.’

वर मल्लप्पा बसलेच होते. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, आणि ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, ‘जालालंय?’

साहेब उभे राहिले. ‘मल्लप्पा, मन घट्ट करा. तुमचा मुलगा बर्लिनला चाललाय.’

मल्लप्पांनी ओठांशी नेलेली बशी खाली ठेवली. चहा तसाच राहिला. एवढा वेळ मला हे सगळं गमतीचं वाटत होतं. ती बशी पाहिल्यावर वाटेना.

‘कुटं?’ रत्नम्मा म्हणाल्या.

‘आपण स्वतः फाटकात रोज ओरडता,’ साहेब मल्लप्पांना म्हणाले. ‘बर्लिन, बर्लिन, साकू!’

रत्नम्मा बघत राहिल्या. मग पदर तोंडाशी धरून त्या अशा हसायला लागल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. ‘बरली! अगं बाई! बरली म्हणतात हो ते!’ डोळे पुसून त्या नवऱ्याकडे वळल्या. ‘आणि तुमी! घरातलं विचारायला बाहेरचा माणूस लावलाव? तेबी असला?’

‘मग ते गल्लीचं चाक नको का म्हणलं?’ मल्लप्पा बशीकडे बघत म्हणाले.

‘तुमच्यामुळं.’

‘मी काय केलो?’

‘मिल दिल्यापासून तुमी दोघं बोलता का कधी? जेवायला बसता तेव्हा तुमी विचारणार, तूर कुठली घेतलास. ते म्हणणार, बघतो अप्पा. संपलं. मग ताटं-वाट्याच बोलतात आमच्या घरात.’ त्यांनी साहेबांच्या हातात चहा दिला, आता साहेब फक्त चहा पिण्यापुरते उरले आहेत अशा रीतीनं. ‘दिवसातून एकदा तुमचा आवाज फुटतो. गाडी लावताना. दुपार कलली की बाह्या वर करून बसता. हॉर्न ऐकला की पळता. उद्या गाडी एका झटक्यात आत आली, तर तुमी फाटकात उभं राहून काय करणार? टाळ्या वाजवणार?’

मल्लप्पांनी वर केलेल्या बाह्या हळूच खाली ओढल्या.

‘आणि त्याला काय रिव्हर्स येत न्हाई व्हय? ट्रक लावतंय मिलमध्ये, एका दमात.’

मला तो ट्रक आठवला. दोन खांबांच्या मधून, एका दमात. मी माझ्या एम.ए.चा विचार केला आणि चहा प्यायलो.

‘मला सांगितलं न्हाई,’ मल्लप्पा म्हणाले.

‘तुमचंच पोरगं हाय. कसं सांगंल?’

मल्लप्पा उठले. खिशातून फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरला आणि नंबर शोधला. गाडी मिलच्या नावावर होती आणि मिलच्या कागदांवर अजून त्यांची सही चालत होती. ‘हॅलो. कोनापुरे बोलतो, सोलापूर. ते मागचं चाक… व्हय, वळणारं. घाला. व्हय. पोराला काय विचारू नका. घाला म्हणलो की.’

‘अहो!’ रत्नम्मा ओरडल्या. ‘आता का?’

‘माझ्यापायी पोराच्या गाडीत खोट ऱ्हायला नको,’ मल्लप्पा म्हणाले आणि पुन्हा ताठ बसले.

रत्नम्मांनी कपाळावर हात मारला. मीही मारणार होतो, पण माझा तो खांदा शिडीनं दुखावलेला होता.

पावसाळा सरल्यावर गाडी आली. माणसानं आयुष्यात एकदा तरी बाळीवेशीत स्पोर्ट्स कार येताना बघावी. विमानासारखी पळावी म्हणून शहाण्या इंजिनिअरांनी जी जीव तोडून बनवली, ती एका म्हशीच्या मागे, म्हशीच्या सवडीनं येत होती. प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासत होतं आणि आख्खी गल्ली ‘च्च’ करत होती. असली गाडी कुणी का घेतो, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळलेलं नाही.

रत्नम्मा ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. डॉक्टर सुकन्या पायरीवर, पायरीच्या काळजीनं. आणि फाटकात मल्लप्पा. बाह्या वर, हात हवेत.

‘बर…’ त्यांनी सुरुवात केली.

गाडीनं शेपूट फिरवलं आणि खांबाला न लागता, पायरीला न लागता, एका झटक्यात आत जाऊन उभी राहिली.

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मल्लप्पांचा हात तसाच वर राहिला. मग तो त्यांनी खाली आणला आणि त्या हाताचं आता काय करायचं हे न सुचून फाटकाची कडी पुसू लागले.

आत संगमेश गाडीतच बसला होता. त्यानं आरशात पाहिलं. मग मागच्या चाकांकडे वळून पाहिलं. मग रत्नम्मांकडे. त्यांनी डोळ्यांनीच नवऱ्याकडे बोट दाखवलं.

इंजिन पुन्हा गुरगुरलं. गाडी होती तशी बाहेर आली आणि गल्लीत आडवी उभी राहिली. काच खाली गेली.

‘अप्पा,’ संगमेश म्हणाला, ‘जरा वाकडी बसली वाटतं. बघता का?’

ती ओळंब्यानं आखल्यासारखी सरळ बसली होती. गल्लीतल्या प्रत्येक माणसाला ते दिसलं होतं. मल्लप्पांनाही.

‘मला वाटलंच,’ मल्लप्पा म्हणाले. त्यांनी बाह्या आणखी वर केल्या, एक हात खांबावर ठेवला, आणि त्यांचा आवाज पार रसवंतीपर्यंत गेला. ‘बरली! बरली, बरली… एऽ, बघून की! बरली…’

गाडी मागं आली. पुढे गेली. पुन्हा मागं आली. डॉक्टर सुकन्या ओरडल्या, ‘पायरी! माझी पायरी!’ मागच्या चाकांना आपण कशासाठी जन्मलो हे कळत नसावं, पण बिचारी सांगितलं तिकडे वळत होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती असंच करतात.

खटकेसाहेबांनी माझा दंड धरला. त्यांच्या डोळ्यांत विजयाचं पाणी होतं.

‘ऐकलंत, अमृतराव? बर्लिन! मी म्हटलं नव्हतं?’

‘साकु,’ मी म्हणालो.